मोठं काम चालू असताना ‘थांबा’ कर्सर लावला, तरी विंडो गोठते आणि क्लिक साठून राहतात

रिकामा_रकाना

पायथन ३.१२, पायसाइड ६ (म्हणजे विंडो-बटणं बनवायचं क्यूट टूलकिट, पायथनमधून), विंडोज ११. हाच प्रोग्रॅम पुढे लिनक्सवरही चालवायचा आहे. ‘आयात करा’ बटण दाबलं की एक सीएसव्ही फाइल (साधारण १,८०,००० ओळी) वाचून एसक्यूलाइट डेटाबेसच्या टेबलात भरली जाते. पाऊण मिनिट लागतं. बटणाच्या स्लॉटमध्ये (बटण दाबल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये) क्रम असा आहे: सेट-ओव्हरराइड-कर्सरने वेट कर्सर, लेबलवर ‘आयात चालू आहे’, बटण डिसेबल, मग आयात, मग बटण एनेबल, शेवटी रिस्टोअर-ओव्हरराइड-कर्सर.

आता अडचणी.

१. कर्सर बदलतो, पण लेबलवरचा मजकूर दिसतच नाही. काम संपल्यावर थेट ‘झालं’ उमटतं.
२. मध्येच कोणी विंडोवर क्लिक केलं की ती पांढुरकी पडते आणि टायटलमध्ये ‘नॉट रिस्पाँडिंग’.
३. बटण डिसेबल केलेलं असूनही अधीर माणसाने पुन्हा दाबलं तर आयात दोनदा होते. हे अजिबात कळत नाहीये.
४. फाइलमध्ये एखादी वाकडी ओळ आली आणि एक्सेप्शन उडालं, तर कर्सर प्रोग्रॅम बंद करेपर्यंत फिरतच राहतो.

आयातीच्या लूपमध्ये प्रोसेस-इव्हेंट्स (विंडोच्या साठलेल्या घटना लगेच हाताळायला लावणारं फंक्शन) टाकून पाहिलं. पहिल्या दोन अडचणी गेल्या, पण आता विंडो मध्येच बंद केली तर प्रोग्रॅम कोसळतो. थ्रेड (त्याच प्रोग्रॅममध्ये समांतर चालणारं काम) टाळता आले तर बरं.

लूपकाका

तिसरीपासून सुरू करतो. ती कळली की पहिल्या दोन वेगळ्या समजावाव्या लागत नाहीत.

क्लिक थेट बटणाकडे जात नाही. ऑपरेटिंग सिस्टीम तो तुमच्या प्रोग्रॅमच्या रांगेत टाकते आणि मुख्य थ्रेडमधला इव्हेंट लूप रांगेतून एकेक उचलून ज्याचा त्याला देतो. तुमचा स्लॉट त्या लूपच्या पोटातच चालतो. स्लॉट ४५ सेकंद परतला नाही, तर लूपही ४५ सेकंद उभा. तेवढ्यात आलेले क्लिक रांगेत बसले. स्लॉटच्या शेवटी तुम्ही बटण एनेबल केलंत, स्लॉट संपला, लूपने रांगेतला क्लिक उचलला, बघतो तर बटण चालू. दिला टाकून. बटण चालू आहे की बंद, हे क्लिक केला तेव्हा नव्हे, तो पोचवताना तपासलं जातं. तुमचं डिसेबल आणि एनेबल दोन्ही लूपच्या नजरेआड होऊन गेलं.

लेबलचं तेच. सेट-टेक्स्ट काही चितारत नाही, ‘मला पुन्हा चितारा’ अशी चिठ्ठी त्याच रांगेत टाकतं. पांढरी पडणारी विंडो हेही त्याच रांगेचं दुखणं: ५ सेकंदांत प्रोग्रॅमने रांगेकडे पाहिलं नाही तर विंडोज त्याला हँग समजतं, आणि वापरणारा काही करायला गेला की खऱ्या विंडोच्या जागी तिची नक्कल ठेवतं. ती हलवता येते, छोटी करता येते, बंदही करता येते. नकलेच्या ‘बंद करा’वर कोणी विश्वास ठेवला तर तुमची आयात अर्ध्यात मेली.

कर्सर मात्र लगेच बदलतो, कारण विंडोजवर तो चितारणं तुमच्या प्रोग्रॅमचं काम नाही. एकदा सांगितलं की पुढचं सिस्टीम बघते. म्हणूनच ते फिरणारं चक्र काम चालू असल्याचा पुरावा धरू नये. कोड अनंत लूपमध्ये अडकला तरी ते तितक्याच उत्साहाने फिरतं.

थ्रेडशिवाय भागवायचं असेल, तर काम दोनेक सेकंदांत संपणारं हवं, आणि क्रम असा: पूर्ण विंडो डिसेबल, लेबलचा मजकूर बदलून लगेच त्याच लेबलवर रिपेंट (अपडेट नव्हे, अपडेट रांगेत जातं, रिपेंट जागच्या जागी चितारतं), वेट कर्सर, काम. काम झाल्यावर विंडो अजून डिसेबल असतानाच प्रोसेस-इव्हेंट्स एकदा बोलवा. साठलेले क्लिक बंद विंडोवर आपटून वाया जातात. मग एनेबल, मग कर्सर परत. दोनदा आयात होणं एवढ्या एका ओळीने थांबतं.

कामाच्या मध्ये प्रोसेस-इव्हेंट्स टाकणं मात्र सोडाच. तुमचं फंक्शन अर्धवट असताना दुसरे स्लॉट चालू होतात. त्यात विंडो बंद झाली, विजेट (बटण, लेबल असा विंडोतला घटक) नष्ट झालं, आणि परत आल्यावर तुमचा कोड त्याच विजेटला हात लावतो. तुमचं कोसळणं तेच. ‘एक्सक्लूड यूजर इनपुट’ हा फ्लॅग देऊन क्लिक टळतात असं बऱ्याच जणांना वाटतं. टळत नाहीत, पुढे ढकलले जातात. पुढच्या वेळी फ्लॅगशिवाय रांग हलली की सगळे येतात.

४५ सेकंदांच्या कामाला हे काहीच पुरणार नाही. थ्रेड लागेलच.

फायनलीत_ठेवा

लूपकाकांशी सहमत. चौथ्या अडचणीबद्दल लिहितो.

क्यूटमध्ये ओव्हरराइड कर्सरची चळत असते. प्रत्येक ‘सेट’ने चळतीवर एक चढतो, प्रत्येक ‘रिस्टोअर’ने एक उतरतो, सगळ्यात वरचा दिसतो. जितके चढवले तितके उतरवलेच पाहिजेत. एक्सेप्शन उडालं की रिस्टोअरची ओळ वगळली जाते आणि चक्र डोक्यावर बसतं. पायसाइड स्लॉटमधलं न पकडलेलं एक्सेप्शन टर्मिनलवर छापून पुढे चालू राहतं, म्हणून तुम्हाला अडकलेला कर्सर दिसतोय. क्यूट पायथनमधून वापरायचा दुसरा मार्ग म्हणजे पायक्यूट, ते (५.५ पासून) अशा वेळी डीफॉल्टने सरळ प्रोग्रॅमच पाडतं, तिथे हा प्रश्न दिसायच्या आत सगळं संपलेलं असतं.

उपाय सरळ आहे: ट्राय-फायनली, आणि ते प्रत्येक ठिकाणी लिहीत बसण्याऐवजी एक छोटा कॉन्टेक्स्ट मॅनेजर. आत शिरताना सेट, यील्डभोवती ट्राय, फायनलीत रिस्टोअर. चार ओळी होतात. मग कामाभोवती ‘विथ’ लावायचं. एकात एक दोन ‘विथ’ आले तरी चळत असल्यामुळे हिशेब बरोबर राहतो. सी++मध्ये हेच काम डिस्ट्रक्टरवर सोपवा.

रिस्टोअर विसरणाऱ्यांचा एक जुगाड दिसतो: ओव्हरराइड कर्सर रिकामा होईपर्यंत लूपमध्ये रिस्टोअर. करू नका. बाहेरच्या फंक्शनने लावलेला कर्सरही त्यात उडतो.

मेसेज बॉक्सचं वेगळं लक्षात ठेवा. कर्सर लावलेला असताना मध्येच ‘ही नोंद आधीच आहे, बदलू का?’ विचारलंत, तर त्या हो-नाहीच्या बटणांवरही ‘थांबा’ कर्सर फिरतो, कारण ओव्हरराइड पूर्ण अ‍ॅप्लिकेशनला लागू असतो. लोक खरंच थांबून राहतात. डायलॉग उघडण्याआधी रिस्टोअर, बंद झाल्यावर पुन्हा सेट.

आणि कर्सर दोन आहेत, ते एकमेकांच्या जागी वापरू नयेत. वेट कर्सर म्हणजे ‘आत्ता काही करू नका’. बिझी कर्सर, म्हणजे बाणाला चिकटलेलं छोटं चक्र, याचा अर्थ ‘मागे काम चालू आहे, तुमचं तुम्ही करत राहा’. विंडो जिवंत ठेवून वर वेट कर्सर लावणं म्हणजे दुकान उघडं आणि पाटी ‘बंद’ची.

सूतकताई

थ्रेडची पद्धत, धाग्यावर धागा कातून देतो.

क्यू-ऑब्जेक्टपासून एक वर्कर क्लास करा. त्यात तीन सिग्नल (स्लॉटला जोडता येणारे निरोप): प्रगती (पूर्णांक), चूक (मजकूर), संपलं. ‘चालव’ नावाची पद्धत, तिच्यात आयात. वर्करला पेरेंट देऊ नका, पेरेंट असलेला ऑब्जेक्ट दुसऱ्या थ्रेडमध्ये हलत नाही. मग क्यू-थ्रेड बनवा, मूव्ह-टू-थ्रेड करा आणि जोडण्या करा: थ्रेडचा ‘स्टार्टेड’ वर्करच्या ‘चालव’ला, वर्करचा ‘संपलं’ थ्रेडच्या ‘क्विट’ला आणि वर्करच्या ‘डिलीट-लेटर’ला, थ्रेडचा ‘फिनिश्ड’ थ्रेडच्या ‘डिलीट-लेटर’ला. शेवटी स्टार्ट.

बटण डिसेबल करणं आणि कर्सर लावणं स्टार्टच्या आधी, मुख्य थ्रेडमध्ये. उलट करणं ‘संपलं’ला जोडलेल्या मुख्य विंडोच्या पद्धतीत. आता लूप मोकळा असल्यामुळे क्लिक बटण बंद असतानाच पोचतात आणि तिथेच संपतात.

यात माणसं जिथे अडकतात त्या जागा:

वर्कर आणि थ्रेड दोन्ही सेल्फवर धरून ठेवा. स्लॉटमधल्या लोकल नावात ठेवले तर स्लॉट संपताच पायथन ते उचलून टाकतो आणि ‘थ्रेड चालू असताना नष्ट केला’ अशा संदेशासह प्रोग्रॅम पडतो.

वर्करची ‘चालव’ स्वतः थेट बोलावली, तर ती बोलावणाऱ्याच्याच थ्रेडमध्ये चालते. मूव्ह-टू-थ्रेड केलेलं असो वा नसो. ‘थ्रेड लावला तरी विंडो गोठते’ अशी तक्रार आली की सगळ्यात आधी हेच बघावं.

वर्करमधून लेबल, टेबल, प्रोग्रेस बार कशालाही हात लावायचा नाही, कर्सरलाही नाही. फक्त सिग्नल. आणि ते सिग्नल लॅम्डाला न जोडता विंडोच्या पद्धतीला जोडा. विंडो मुख्य थ्रेडची आहे हे क्यूटला माहीत असतं, म्हणून ते निरोप रांगेतून पाठवतं. लॅम्डा कोणत्या थ्रेडचा मानला जाईल याचा भरवसा ठेवू नये.

डेटाबेसचं कनेक्शन ‘चालव’च्या आत उघडा. पायथनचं एसक्यूलाइट मॉड्यूल एका थ्रेडमध्ये उघडलेलं कनेक्शन दुसऱ्यात वापरलं की प्रोग्रॅमिंग एरर देतं. ती तपासणी बंद करायचा पर्याय आहे, पण गरज काय? क्यूटचं स्वतःचं क्यू-एसक्यूएल-डेटाबेस वापरत असाल तर तिथेही कनेक्शन ज्या थ्रेडमध्ये बनलं तिथेच वापरायचं.

प्रत्येक ओळीला प्रगतीचा सिग्नल सोडू नका. १,८०,००० सिग्नल मुख्य रांगेत ओतले की विंडो परत गोठते, या वेळी थ्रेडमुळे. दर १,००० ओळींना एक पुरतो.

पायथनमध्ये जीआयएल आहे, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला पायथन कोड चालवू देणारं कुलूप, त्यामुळे वर्कर निव्वळ पायथनचं आकडेमोडीचं काम करत असेल तर मुख्य थ्रेडला आपल्या पाळीची वाट बघावी लागते. अदलाबदलीचा डीफॉल्ट काळ ५ मिलिसेकंद आहे, म्हणून विंडो गोठत नाही, पण थोडी जड वाटते. फाइल वाचणं आणि एसक्यूलाइटचं लिहिणं चालू असताना जीआयएल सोडला जातो, तेव्हा तुमच्या कामाला थ्रेड पुरेल. आकडेमोडच खूप असेल तर वेगळी प्रोसेस काढावी.

कर्सरबद्दल माझं मत: थ्रेड लावल्यावर ओव्हरराइड काढून टाका, त्याजागी प्रोग्रेस बार आणि ‘रद्द करा’ ठेवा. हवाच असेल तर बिझी कर्सर. फक्त एखाद्या टेबलापुरता कर्सर हवा असेल तर त्या विजेटवर सेट-कर्सर आणि नंतर अनसेट-कर्सर. पण डिसेबल केलेल्या विजेटवर क्यूट त्याचा स्वतःचा कर्सर दाखवत नाही, साधा बाण दाखवतं. टेबल डिसेबल करून त्याच्यावरच वेट कर्सर लावलात तर ‘लागतच नाही’ म्हणून तास जाईल.

तिरपा_बाण

याच धाग्यात विचारतो, वेगळा काढत नाही. सी शार्प, विनफॉर्म्स (विंडोजचं टूलकिट). ‘कर्सर.करंट’ला वेट कर्सर दिला की तो दिसतो, पण माऊस जरा हलवला की कधीकधी परत बाण. त्याऐवजी फॉर्मचा ‘यूज-वेट-कर्सर’ ट्रू केला, तर काही वेळा अजिबातच दिसत नाही. या दोघांत फरक काय?

लूपकाका

दोघांच्या मुळाशी एकच विंडोज संदेश आहे, डब्ल्यूएम-सेट-कर्सर. माऊस विंडोवर हलला की सिस्टीम हा संदेश पाठवून विचारते, ‘इथे कोणता कर्सर?’ उत्तर विंडोने द्यायचं. काहीच सांगितलं नाही तर डीफॉल्ट हाताळणी विंडो क्लासमध्ये नोंदलेला कर्सर लावते, बहुधा बाण.

‘कर्सर.करंट’ आत्ताच्या आत्ता कर्सर बदलतं, पण पुढच्या विचारणीला काय उत्तर द्यायचं हे लक्षात ठेवत नाही. लूप बंद असेपर्यंत संदेश पोचत नाही, म्हणून तो टिकतो. मध्ये डू-इव्हेंट्स किंवा अवेट आला, लूप हलला, विचारणी झाली, बाण परत.

‘यूज-वेट-कर्सर’ बरोबर उलटं. ते विचारणीचं उत्तर बदलतं, पण स्वतःहून कर्सर हलवत नाही. ट्रू करून लगेच लूप अडवलात तर विचारणीच होत नाही, मग दिसणार कुठून.

तर मग: लूप अडवणारं छोटं काम असेल तर कर्सर.करंट. अवेट टास्क-रन असेल तर यूज-वेट-कर्सर ट्रू, सोबत कर्सर.करंटही वेट, म्हणजे माऊस स्थिर असला तरी लगेच दिसेल. फायनलीत यूज-वेट-कर्सर फॉल्स आणि कर्सर.करंट डीफॉल्ट, हे दुसरं नसेल तर काम संपूनही माऊस हलेपर्यंत चक्र तसंच दिसतं. आणि यूआय थ्रेडवर टास्कचं ‘रिझल्ट’ किंवा ‘वेट’ नको. अवेटच्या पुढचा भाग यूआय थ्रेडवर परत यायची वाट बघतो, यूआय थ्रेड टास्कची वाट बघतो, आणि कर्सर कायमचा फिरत राहतो.

थेट विन-३२ लिहिणाऱ्यांनी डब्ल्यूएम-सेट-कर्सर स्वतः हाताळावा: ‘कामात आहे’ हा फ्लॅग लागलेला असेल आणि माऊस क्लायंट भागात असेल तर सेट-कर्सर करून ट्रू परत द्यायचं. ट्रू विसरलात तर डीफॉल्ट हाताळणी पुन्हा बाण लावते आणि दोन्हींची लुकलुक दिसते.

फायनलीत_ठेवा

इतर टूलकिटवाले इथे पोचतील म्हणून भरभर.

डब्ल्यूपीएफ: माऊसचा ओव्हरराइड-कर्सर वेट, शेवटी नल. इथे चळत नाही, एकच जागा आहे. एकात एक वापरायचं असेल तर आधीची किंमत जपून परत द्या. डेल्फीत स्क्रीन.कर्सरचंही तसंच. एमएफसीत सी-वेट-कर्सर हा ऑब्जेक्ट स्टॅकवर ठेवला की डिस्ट्रक्टर कर्सर परत करतो, पण मध्ये मेसेज बॉक्स दाखवलात तर नंतर त्याचं रिस्टोअर बोलवावं लागतं. आणि या ‘रिस्टोअर’चा अर्थ ‘वाळूचं घड्याळ पुन्हा लावा’ असा आहे, क्यूटच्या नेमका उलट! एक्सेल व्हीबीएत मॅक्रो संपला तरी अ‍ॅप्लिकेशन.कर्सर आपोआप परत येत नाही, एरर हँडलरमध्येही डीफॉल्ट करा.

स्विंग: फ्रेमवर वेट कर्सर आणि क्लिक गिळायला ग्लास पेन, काम स्विंग-वर्करमध्ये. ग्लास पेन माऊस अडवतो, कीबोर्ड नाही. टॅब आणि स्पेसबारने बटण दाबता येतंच. ‘डन’मध्ये ‘गेट’ बोलवा, नाहीतर मागे उडालेलं एक्सेप्शन कोणालाच कळत नाही.

टीके-इंटर: मुख्य विंडोचा कर्सर ‘वॉच’ करून ‘अपडेट’. मजकुराच्या खोक्यांना स्वतःचा कर्सर असतो, ते हा घेत नाहीत. पायथन ३.१३ पासून टीके-बिझी-होल्ड आणि टीके-बिझी-फर्गेट मिळतात, ते विजेटवर पारदर्शक पडदा टाकून माऊस अडवतात. मॅकच्या अ‍ॅक्वा आवृत्तीवर मात्र त्यांचा परिणाम होत नाही.

मॅक: अ‍ॅपकिटमध्ये ‘थांबा’ असा जाहीर कर्सरच नाही. ते रंगीत चक्र सिस्टीम स्वतः दाखवते, प्रोग्रॅम प्रतिसाद देत नाही म्हणून. तिथे दिसलं तर ती तुमच्याविरुद्ध तक्रार समजा.

कमिट_एकदाच

मंडळी, कर्सरवर एवढं मंथन झालं, पण १,८०,००० ओळींना ४५ सेकंद का लागतात हे कोणी विचारलं नाही. धागाकर्ते, आयातीच्या लूपमध्ये ठरावीक ओळींनंतर कमिट करताय का?

एसक्यूलाइटच्या प्रश्नोत्तरांतच लिहिलंय: साध्या डेस्कटॉपवर सेकंदाला ५०,००० किंवा जास्त इन्सर्ट सहज होतात, पण ट्रॅन्झॅक्शन (एका कमिटने एकदम पक्के होणारे बदल) मात्र काही डझनच. कारण कमिट म्हणजे डेटा खरोखर डिस्कवर पोचल्याची वाट बघणं. ७,२०० आरपीएमच्या डिस्कला एका फेरीला सव्वाआठ मिलिसेकंद लागतात आणि एका ट्रॅन्झॅक्शनला दोन फेऱ्या, म्हणजे सेकंदाला साधारण ६०. एसएसडीवर आकडा बराच सुधारतो, पण वाट बघणं राहतंच.

सगळी आयात एकाच ट्रॅन्झॅक्शनमध्ये घ्या, एक्झिक्यूट-मेनीला जनरेटर द्या, शेवटी एक कमिट. टेबलावर इंडेक्स असतील तर आधी ते काढून, भरून झाल्यावर बनवणंही मोजून बघा.

रिकामा_रकाना

दर १०० ओळींना कमिट होतं. एकच केल्यावर आयात ४ सेकंदांवर आली. तरी वर्कर ठेवतोय, फायली याहून मोठ्या येणार आहेत. ‘रद्द करा’ला वर्करचा ‘थांब’ स्लॉट जोडला, पण तो आयात पूर्ण झाल्यावरच चालतो.

सूतकताई

४ सेकंदांनाही वर्कर योग्यच. वापरण्याच्या सोयीचा विचार करणाऱ्यांत जेकब नील्सन यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या तीन मर्यादा आजही वापरतात: ०.१ सेकंदापर्यंत काम लगेच झाल्यासारखं वाटतं, १ सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही, १० सेकंदांपर्यंत लक्ष टिकतं. मी १ ते २ सेकंदांच्या खालीच फक्त कर्सर ठेवतो, त्यापुढे प्रोग्रेस बार. क्यूटचा प्रोग्रेस डायलॉग वापरणार असाल तर त्याचा मिनिमम-ड्युरेशन ४,००० मिलिसेकंद असतो. कामाला याहून जास्त वेळ लागेल असा त्याचा अंदाज झाला तरच तो उघडतो, म्हणजे तुमच्या ४ सेकंदांच्या आयातीत तो दिसेल न दिसेल. ५०० करा.

‘थांब’चं कारण तेच, फक्त रांग दुसरी. वर्करच्या थ्रेडलाही स्वतःचा लूप आहे आणि ‘चालव’ने तो अडवलाय, तुमचा निरोप त्या रांगेत बसून राहतो. सिग्नल नको. मुख्य थ्रेडमधून थ्रेडवर रिक्वेस्ट-इंटरप्शन थेट बोलवा आणि जनरेटरमध्ये दर १,००० ओळींना करंट-थ्रेडचं इज-इंटरप्शन-रिक्वेस्टेड तपासा. ट्रू आलं तर स्वतःचं एक्सेप्शन उडवा, ‘चालव’मध्ये पकडून रोलबॅक (कमिट न झालेले बदल मागे घेणं), फायनलीत कनेक्शन बंद आणि मगच ‘संपलं’. ट्रॅन्झॅक्शन एकच असल्यामुळे अर्धवट भरलेलं टेबल उरत नाही. टर्मिनेट चुकूनही नको, तो थ्रेडला हातातलं कुलूपही सोडू देत नाही.

विंडोच्या क्लोज-इव्हेंटमध्येही हेच: थ्रेड चालू असेल तर रिक्वेस्ट-इंटरप्शन, क्विट, मग वेट. त्या वेटपुरता मुख्य लूप अडतो, पण तपासणी दर १,००० ओळींना असल्यामुळे क्षणभरच. तिथे वेट कर्सर शोभतो.